सहाशे सदतीस

आमच्या चर्चच्या पंच कमिटीतले जे कोणी अजून हयात आहेत, त्यांना माझ्याबद्दल मोठा आदर आहे. तो आदर कुठून आला हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून मला त्याची काडीचीही किंमत वाटत नाही. ज्या दिवशी मी त्यांना खरं तेच दाखवत होते, त्या दिवशी ते हसले. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत मी त्यांना एक पोपटपंची ऐकवली, आणि त्यांनी माना डोलावल्या.

आई चर्चच्या मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन होती. नोकरीबरोबर फाटकालगतच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि त्यांत आई, वडील आणि मी राहत होतो. वडील साखर कारखान्यात सीझनपुरते कामाला जायचे. गाळप संपलं की हार्मोनियम काढून बसायचे आणि पुढच्या गाळपापर्यंत उठायचे नाहीत. स्वभावाने गरीब माणूस. घरात काही संकट आलं की ‘आपण प्रार्थना करू’ म्हणायचे, आणि प्रार्थना झाली की आपलं काम झालं असं समजून पुन्हा भात्याला हात घालायचे. घर आई चालवायची. बोर्डिंगही तीच चालवायची. सकाळी आंब्याच्या झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ती लोखंडी दांडा हाणायची, तो आवाज अजूनही कधी कधी माझ्या कानात वाजतो आणि मी विनाकारण उठून बसते. मग जर्मनच्या ताटल्यांचा खडखडाट, हौदावर मुलींची भांडणं, आणि जेवणाआधी पन्नास-साठ गळ्यांतून निघणारं ते लांबलचक आभारगीत. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या मुली शेवटची ओळ फार ओढायच्या, कारण त्यांना ती गाताना आमटी वाढली जाताना बघायला आवडायचं. आमटी पातळ असायची. बाजरीची भाकरी मात्र आई कमी पडू देत नव्हती, आणि रविवारी मटणाचा रस्सा असायचा. मटण कुठं असायचं ते पंचांना विचारावं लागलं असतं.

आमच्या मंडळीत नाताळच्या आदल्या रविवारी डब्यांची सोडत निघायची. कुणीतरी जुन्या मिशनरी मडमेने ती सुरू केली म्हणतात. मंडळीत नाना जातींतून आलेली घरं होती. बाप्तिस्मा होऊन दोन-तीन पिढ्या गेल्या तरी अमक्याच्या हातचं तमका खात नाही हे चाललेलंच होतं, आणि ते मोडावं म्हणून हा उपाय. प्रत्येक घराने फराळाचा एक डबा आणायचा. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, ज्याला जे जमेल ते. घराच्या नावाची चिठ्ठी पातेल्यात पडायची. मग प्रत्येक घरच्या बाईने एक चिठ्ठी काढायची आणि जे नाव निघेल त्या घरचा डबा न्यायचा. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, हा एकच नियम. चिठ्ठ्या दुमडायचं काम आईकडे होतं, कारण मेट्रन कुणाच्या बाजूची नसते अशी समजूत होती.

आता यात कधी कधी एखादीला आपल्याच घरची चिठ्ठी निघायची. म्हणजे आपलाच डबा काखोटीला मारून आल्या वाटेने परत जायचं. त्याला सगळे हसायचे. त्यात देवाचा काही संकेत आहे, वर्षभर पदरात नवं काही पडणार नाही, असंही म्हाताऱ्या कुजबुजायच्या. मी सांगते त्या नाताळच्या आधीची दोन वर्षं लागोपाठ असं झालं होतं. एकदा फाटकाजवळच्या नर्सबाईंना, एकदा सुताराच्या घरी. दोघींनी हसण्यावारी नेलं आणि कुणाला आठवतही राहिलं नसतं.

तिसऱ्या वर्षी सुशीलाबाईंना स्वतःचीच चिठ्ठी निघाली.

सुशीलाबाई म्हणजे पंच कमिटीचे सेक्रेटरी त्रिभुवन सर यांच्या पत्नी. त्यांचे शंकरपाळे तालुक्यात प्रसिद्ध होते. सबंध मंडळी चिठ्ठी उघडायच्या आधी मनात देवाचा धावा करायची ती त्या डब्यासाठी. आमच्याकडे एकदा तो डबा आला होता, तेव्हा वडिलांच्या दाढेचा टवका गेला. तर सुशीलाबाईंनी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मागून मळ्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “चला, सुटलो समदे! आता तुमीच फोडा बाई घरी बसून, आडकित्ता लागंल.” देवळात इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पाळक साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. आई हसली नाही. पातेलं धरून उभी होती. पण हसणं बाहेर पडू नये म्हणून तिने ओठ दाबले, ते सुशीलाबाईंनी पाहिलं.

त्रिभुवन सर हायस्कूलला गणित शिकवायचे. माझ्या आयुष्यात मी जितके अर्धवट गणित जाणणारे लोक पाहिले त्यांत त्यांचा नंबर पहिला आहे, आणि मी पुढे बँकांच्या हेड ऑफिसात काम केलं आहे, तेव्हा स्पर्धा मोठी होती. नव्या वर्षाच्या पहिल्याच सभेत ते उभे राहिले आणि फळ्यावर शिकवल्यासारखं बोलले. आपली घरं चाळीस. आपली चिठ्ठी आपल्याला निघण्याचा संभव चाळिसात एक. म्हणजे असं चाळीस वर्षांतून एकदा व्हावं. आणि इथं लागोपाठ तीन वर्षं? “हे आपोआप होत नाही, बंधूंनो. कुणाच्या तरी बोटांतून होतं. जिच्या हातात साध्या चिठ्ठ्या सुरक्षित नाहीत, तिच्या हातात आपल्या मुली ठेवायच्या का, याचा कमिटीने विचार करावा.”

सरांची मेहुणी बी.ए. होऊन घरी बसली होती आणि तिला मेट्रनची जागा हवी होती, हे बोर्डिंगच्या मांजरालाही माहीत होतं. पण ते कुणी बोललं नाही. चाळिसात एक, हे सगळ्यांना बिनतोड वाटलं. निर्णय महिनाअखेरच्या सभेत घ्यायचं ठरलं. नोकरी गेली की दोन खोल्या जाणार, आणि दोन खोल्या गेल्या की आम्ही रस्त्यावर. वडील म्हणाले, “आपण प्रार्थना करू.” आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “तुम्ही करा. माझे खडे राहिलेत.”

खरं सांगायचं तर सरांचं गणित मलाही बरोबर वाटलं होतं. आई चिठ्ठ्यांत काही करणार नाही याची खात्री होती, म्हणून मी तिचं नशीबच वाईट असं धरून चालले होते. ‘तुझं मशीन काय म्हणतं’ हा प्रश्न आईने काढला.

माझं मशीन म्हणजे खताच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासमधलं. बारावी झाल्यावर मी तिथं जात होते. त्या काळी आमच्या गावात कॉम्प्युटरला देव्हाऱ्याचा मान होता. चपला जिन्याखाली काढायच्या, पाय पुसायचे, पडदा बाजूला सारून आत जायचं, आणि मॉनिटरवर मोगऱ्याचा गजरा. खालून युरियाचा वास, वरून उदबत्तीचा. कुलथे सर नावाचे एक गृहस्थ आम्हाला ‘संगणकाचे फायदे’ वहीत लिहून द्यायचे. फायदा पहिला, संगणक कधी चुकत नाही. फायदा दुसरा, संगणक थकत नाही. त्यांना स्वतःला हिशोबाचं एक पॅकेज सोडलं तर काही येत नव्हतं. बेसिक नावाची भाषा त्यांनी शिकवली ती अशी, की स्वतःच्या वहीतला प्रोग्रॅम फळ्यावर उतरवायचा आणि आम्ही तो टाईप करायचा. एखादीने ‘हे असं का’ विचारलं की म्हणायचे, “सिलॅबसमध्ये नाही.”

आई म्हणाली, “तुझ्या त्या मशीनला चिठ्ठ्या काढता येतात का?”

“येतील.”

“मग काढ. चाळीस घरं धर. वर्षाला एकदा, अशी हजार वर्षं काढ. बघू चाळीस वर्षांतून एकदाच येतं का.”

मी ते लिहिलं. फार मोठं काम नव्हतं, पंधरा-सोळा ओळी झाल्या असतील. चाळीस आकडे एका ओळीत मांडायचे, ते पत्ते पिसतात तसे पिसायचे, मग पहिल्या जागी पहिला आहे का, दुसऱ्या जागी दुसरा आहे का, असं बघत जायचं. एक जरी आपल्या जागी सापडला तरी ‘आपलाच डबा’ झाला म्हणून नोंद करायची. असं हजार वेळा. त्या यंत्राला तेवढ्याला बराच वेळ लागायचा. मी बसून राहिले. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आकडा आला: सहाशे सदतीस.

हजारात सहाशे सदतीस. म्हणजे दर तीन नाताळांतले जवळजवळ दोन. मला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला. पुन्हा चालवलं. सहाशे सदतीस. पुन्हा. सहाशे सदतीस. घरं चाळीसच्या ऐवजी दहा केली, तरी आकडा त्याच आसपास. शंभर केली, तरी तिथंच. घरं वाढली की हे कमी व्हायला पाहिजे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मग वहीत तीन घरं, चार घरं अशी हाताने मांडून बघितली तेव्हा कळलं. घरं वाढली की एकेका घराचा संभव कमी होतो हे खरं, पण संभव आजमावणारी घरंही तितकीच वाढतात. एक दुसऱ्याला भरून काढतं. सरांनी एका घराचा संभव काढला होता आणि तो सगळ्या मंडळीच्या माथी मारला होता. विचारायचं होतं ‘सुशीलाबाईंना निघेल का’ एवढं नाही, ‘कुणाला तरी निघेल का’ हे. गणिताच्या मास्तरला हा फरक कळला नव्हता.

एवढं सुटलं तरी प्रत्येक वेळी अगदी तोच आकडा का, हे मला खुपत होतं. पातेल्यातून काढलेल्या चिठ्ठ्या अशा वागत नाहीत. कुलथे सरांना विचारलं तर ते खूश झाले. “अगं, हाच तर संगणकाचा फायदा पहिला!” शेवटी कपाटात मॅन्युअलच्या झेरॉक्स होत्या त्या चाळल्या. त्यात लिहिलं होतं की हे यंत्र स्वतःच्या मनाने काही पिसत नाही. त्याच्याकडे आकड्यांची एक ठरलेली माळ असते आणि दर वेळी ते तिच्या पहिल्या मण्यापासून सुरुवात करतं. म्हणजे मी तीनदा सोडत काढली नव्हती, एकच सोडत तीनदा बघितली होती. उपायही तिथंच होता. वर एक ओळ घालायची, म्हणजे घड्याळात त्या क्षणी जे सेकंद असतील तिथून माळ सुरू होते. मी ती ओळ घातली. आता आकडे हलू लागले. सहाशे एकोणीस, सहाशे चव्वेचाळीस, सहाशे तीस. सहाशे तीसच्या अवतीभवती फिरत राहायचे, दूर कुठं जायचे नाहीत. दाव्याला बांधलेली शेळी जशी चरते तसे. मला ते इतकं आवडलं की क्लास बंद व्हायची वेळ झाली तरी मी चालवतच होते.

पंच क्लासमध्ये आले ते पाळक साहेबांच्या शब्दामुळे. सात जण जिन्याखाली चपला काढून, पाय पुसून वर आले. त्रिभुवन सरांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. खुर्च्या होत्या तेवढ्यांवर पंच बसले. आईला कुणी बस म्हटलं नाही, ती पडद्याजवळ उभी राहिली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि प्रोग्रॅम चालवला. बराच वेळ काही होत नाही म्हटल्यावर मळ्यातले यशवंतनाना म्हणाले, “झोपलं का काय हे?” मग आकडा आला. सहाशे एक्केचाळीस.

“म्हणजे हजार नाताळांत सहाशेच्या वर वेळा कुणाला तरी आपलाच डबा येणार,” मी म्हणाले. “तीन वर्षं लागोपाठ आला यात काही विशेष नाही.”

“पुन्हा चालव,” त्रिभुवन सर म्हणाले.

सहाशे बावीस.

“पुन्हा.”

सहाशे पस्तीस.

सरांचा चेहरा उजळला. ते पंचांकडे वळले. “पाहिलंत? एका प्रश्नाची तीन उत्तरं. माझ्या वर्गात कुणी अशी उत्तरं दिली असती तर मी बाकावर उभा केला असता. गणित बरोबर असेल तर ते कितीही वेळा करा, उत्तर तेच आलं पाहिजे. हा गणिताचा पाया आहे.”

“आरं, ह्या मशीनलाच ठाव न्हाई तर ते आपल्याला काय सांगनार?” यशवंतनाना म्हणाले, आणि सगळे हसले. पाळक साहेबही हसले. कुलथे सर घाईने म्हणाले, “मुलगी नवीन आहे हो, तिला अजून नीट येत नाही. संगणक तसा चुकत नाही.”

मी जीव तोडून सांगत होते. आकडा हलणारच, पण बघा किती कमी हलतो. तुम्ही पातेल्यातून काढा, तोही हलेल. “हजार वेळा कोण काढणार?” सर म्हणाले. आपण म्हणतो ते समोरच्याला कळत नाही याचा राग येण्याचं ते माझं वय होतं. आता तसं होत नाही. आता मला फक्त कंटाळा येतो.

तेवढ्यात आई पडद्याजवळून म्हणाली, “रूथ, अगं त्यांना एकच आकडा पाहिजे. तेवढा दे, म्हणजे ते घरी जातील.”

तिला प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं. पंच मात्र तिला कळत होते. त्यांना पंधरा वर्षं आमटीचा हिशोब देत आली होती ती.

मी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे वळले. घड्याळाच्या ओळीचा नंबर टाईप केला, एंटर दाबलं, आणि ती ओळ गेली.

“सर, यात एक ओळ जास्तीची होती,” मी म्हणाले. “ती काढली. आता तुम्हीच चालवा.”

त्रिभुवन सरांनी एका बोटाने, विंचवाला शिवावं तसं बटण दाबलं. मशीनमधला पंखा घरघरत होता. खाली कुणीतरी खताची गोणी आपटली. आकडा आला: सहाशे सदतीस.

“पुन्हा चालवा.”

सहाशे सदतीस.

“दुसऱ्या कुणी चालवायचं असेल तर चालवा,” मी म्हणाले. यशवंतनाना उठले, धोतराला बोट पुसलं आणि दाबलं. सहाशे सदतीस. ते मागे सरकले आणि त्यांनी चक्क मॉनिटरला हात जोडले. “आता कसं! आता बोललं त्ये.”

सगळे सरांकडे बघू लागले. पाया त्यांनीच सांगितला होता. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “मी तेच म्हणत होतो,” ते म्हणाले. “गणित शुद्ध झालं की उत्तर स्थिर होतं. सहाशे सदतीस. मेट्रनबाईंचा यात दोष दिसत नाही.” पाळक साहेबांनी तिथल्या तिथं आभाराची प्रार्थना केली. कुलथे सरांनी डोळे मिटायच्या आधी गजरा सारखा केला.

परत येताना आई बाजारातून मेथीच्या जुड्या निवडून घेत होती. जुडी उलटी करून मुळं बघत तिने विचारलं, “त्यात खोटं किती होतं?”

“आकडा खोटा नव्हता. पण एकच सोडत तीनदा दाखवली. एकच पत्र तीनदा वाचून दाखवावं तसं.”

“आणि आधीचं?”

“आधीचं जास्त खरं होतं.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि जुडी पिशवीत टाकली. “खरं त्यांनी बघितलं होतं की. आपण लपवलं नाही.”

सरांच्या मेहुणीला शेवगावकडे नोकरी मिळाली. आई निवृत्त होईपर्यंत मेट्रन राहिली आणि आम्ही त्याच दोन खोल्यांत राहिलो. मी पुण्याला शिकले, नोकरी केली, आणि पंचांसारखे साहेब मला जन्मभर भेटत राहिले. टाय लावलेले, इंग्रजी बोलणारे, थंड केबिनमधले. कालच्या रिपोर्टात हा आकडा वेगळा का होता, असं विचारणारे. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. एक आकडा द्यायचा, तो हलू द्यायचा नाही. ते घरी जातात.

आमच्या नगर जिल्ह्याचं आता अहिल्यानगर झालं, बोर्डिंग बंद पडलं, आंब्याचं झाडही गेलं, पण डब्यांची सोडत अजून निघते. गेल्या नाताळात मी गेले होते. तेव्हाही एकीला आपलाच डबा आला, आणि कुणी हसायच्या आधीच त्रिभुवन सर काठी टेकत उभे राहिले. नव्वदीकडे झुकलेत. “यात आश्चर्य नाही,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “हे आपल्या मंडळीत पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. हजारात सहाशे सदतीस. ना एक कमी, ना एक जास्त.” आणि मागच्या बाकांवरून चार-पाच म्हाताऱ्यांनी ‘सहाशे सदतीस’ म्हटलं, ‘आमेन’ म्हणतात त्या सुरात.

माझ्या शेजारी त्यांची नातसून बसली होती. पुण्यात कसल्याशा कंपनीत आहे. तिने तिथंच मोबाईलवर भराभर काहीतरी लिहिलं आणि फराळाच्या वेळी सरळ सरांसमोर नेऊन धरलं. “आजोबा, माझं सहाशे अठ्ठावीस आलं. आणि आता सहाशे त्रेचाळीस. नेमका असा एक आकडा नसतोच.” सरांनी मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. “बाळा, मोबाईल दुरुस्तीला टाक,” ते म्हणाले. सगळे हसले. मुलगी कानापर्यंत लाल होऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मला तो लाल रंग ओळखीचा होता. तिच्या ताटलीत सुशीलाबाईंच्या हातचे दोन शंकरपाळे होते. बाई अजून करतात, आणि अजून फुटत नाहीत.

“मावशी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना,” ती म्हणाली. “बरोबर आहे ना माझं?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “आण इकडे तो मोबाईल. आमच्या वेळी एक ओळ काढावी लागायची. आता यंत्र आपणहूनच घड्याळ बघतं, म्हणून एक घालावी लागते. कुठं ते दाखवते.”